नीलेशच्या नावावर

नीलेश जाऊन वर्ष उलटलं होतं, पण साजगावच्या ऑफिसातलं त्याचं काम काही थांबलं नव्हतं.

हे कळलं त्याच्या धाकट्या बहिणीला, जागृतीला, आणि तेही भर सकाळी, चहाचा पहिला घोट घेताना. ती त्याच ऑफिसात कामाला होती, नीलेशनंच चिकटवलेली. त्या दिवशी तिच्या साहेबांनी, मनोजसरांनी, तिला पहिल्यांदाच पुण्याच्या मुख्य सर्व्हरवर जायची परवानगी मिळवून दिली होती. ती आत शिरली आणि समोर आजवरचे सगळे बदल उघडले, कोणी काय बदललं ते नावानिशी. सगळ्यात वरची ओळ कालची. नाव नीलेशचं. त्याखालची परवाची. नाव नीलेशचं. ती खाली खाली जात राहिली. दिवाळीत नीलेश, गणपतीत नीलेश. पळसदरीच्या वळणावर टँकरनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं, त्या संध्याकाळीसुद्धा नीलेश. दहाव्याला बाबा नदीवर डोकं भादरून बसले होते, त्या दिवशी तर लागोपाठ तीनदा नीलेश.

चहा ओढणीवर सांडला तरी तिला कळलं नाही. पोरगी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. पण अंगावर काटा यायला विश्वास लागत नाही. आणि खरं भ्यायली ती पुढच्याच क्षणी, कारण कालची ती सगळ्यात वरची ओळ तिनं नीट वाचली. ते काम तिचं होतं. काल जेवणानंतर, याच खुर्चीत बसून, तिनं स्वतःच्या हातानं केलेलं.

"अगं, तो ब्रिज आहे," मनोजसर मागून म्हणाले. "घाबरलीस काय? आम्हाला सवय झाली."

कशाचीही सवय होते माणसाला. तर प्रकार असा होता. ही कंपनी कारखान्यांत गॅसगळतीचे अलार्म बसवायची, खोपोलीपासून पार मोहोपाड्यापर्यंत. त्या अलार्मचा प्रोग्राम पुण्याच्या एकाच सर्व्हरवर राहायचा. पुण्याचा खाक्या जुना. एक सर्व्हर, एक प्रत, तिथे जे लिहिलं तेच खरं. साजगावची पोरं मात्र गिटवर काम करायची. गिटमध्ये ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर अख्खी प्रत असते, सगळ्या इतिहासासकट. आपलं काम आपण करा, एकमेकांना द्या, एकमेकांकडून घ्या, कुणाच्या दारात उभं राहायला नको. पुण्याला हे पटेना आणि साजगावला ते सुटेना. दोघांचा संसार चालावा म्हणून नीलेशनं मध्ये ब्रिज घातला. सगळ्यांनी आपलं काम त्याच्या लॅपटॉपवर पाठवायचं आणि तिथून ते पुण्याला जायचं.

गोम एवढीच, की पुण्यानं साजगावला लॉगिन दिलं होतं एकच. एका ऑफिसला एक पुरे झालं, असं कुणा शहाण्याला वाटलं असावं. ते नीलेशच्या नावाचं होतं. त्यामुळे काम कुणाचंही असो, ब्रिजवरून पलीकडे पोचताना त्याच्यावर नीलेशचं नाव चढायचं. पुढे ब्रिज त्याच्या लॅपटॉपवरून ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर हलवला, लॉगिन मात्र तेच ठेवलं. नीलेश गेला तरी तेच.

"बंद नाही केलंत?" जागृतीनं विचारलं.

"बंद करून काय करणार होतो? सगळंच अडलं असतं." मनोजसरांनी चष्मा पुसला. "आता सुटेल ते. पुणंही गिटवर येतंय. शुक्रवारी ब्रिज बंद, जुना सर्व्हर कायमचा कुलपात. ते काम तुझ्याकडे दिलंय, म्हणून तर ही परवानगी. शुक्रवारपर्यंत त्या सर्व्हरची मालकीण तूच."

पण जागृतीचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. काम कुणाचंही, नाव दादाचं. म्हणजे ती ओळसुद्धा.

ती ओळ म्हणजे त्यांच्या घरावर बसलेला डाग होता. दीड वर्षापूर्वी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात अमोनिया सुटला. खोलीच्या दारावर लाल दिवा लागला की आत जायचं नाही, असा नियम. दिवा लागला नव्हता, म्हणून त्या पाळीचा कामगार दार उघडून आत गेला. दिवा लागला दहा सेकंदांनी. तोवर त्याचे दोन्ही डोळे गेले होते. तो कामगार म्हणजे गजा, नीलेशच्याच गावचा, कडावचा, त्यांच्या घरापासून चार घरं पलीकडे राहणारा. पुण्याहून साहेब लोक चौकशीला आले, त्यांनी सर्व्हर उघडला. दिवा दहा सेकंद उशिरा लावायचा बदल सापडला आणि त्याच्यावर नाव सापडलं. नीलेशला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, "हो, माझंच आहे." त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं, आणि ब्रिज कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेला तो तेव्हाच.

तिथून सरळ तो गजाच्या दारात गेला होता. गजाच्या डोळ्यांवर पट्टी होती. नीलेशनं आपलं नाव सांगितलं आणि गजानं साऱ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज काढला, "माजं डोळं खाल्लंस! तू बी नाय टिकायचास! नाय टिकायचास तू!" नीलेश ऐकून घेऊन खाली मान घालून घरी आला. पुढं काही महिन्यांतच पळसदरीचं ते वळण आलं. झालं. गजाची वाणी खरी झाली, असं गाव म्हणू लागलं. लोकांना काय, बोलायला विषय पाहिजे.

आणि तेव्हापासून नीलेशचे वडील, कोंडाजी, रोज संध्याकाळी गजाच्या दारात जातात. गजाचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतात, त्याला मारुतीच्या देवळापर्यंत नेतात आणि परत आणून सोडतात. सत्तरीला टेकलेला माणूस. पाऊस असो, चिखल असो. दोघं एकमेकांशी शब्द बोलत नाहीत. कुणी विचारलं तर कोंडाजी एवढंच म्हणतात, "माज्या पोरानं येकाचा उजेड नेला. मंग म्या त्याला हात द्यायचा नाय तर कोनी?"

ती ओळ दादाची नसेल तर? बाबांना हे सांगता आलं तर? जागृतीला एकदम इतकं बरं वाटलं की तिचे डोळे भरून आले. कितीतरी महिन्यांनी तिला असं बरं वाटत होतं.

"सर, अमोनियाचा तो बदल कुणी केला होता?" तिनं तिथल्या तिथे विचारलं.

मनोजसर दाराकडे पाहू लागले. "नीलेश स्वतः हो म्हणाला होता."

"पण नाव तर सगळ्यांवरच त्याचं चढतं! तुम्हाला ब्रिज माहीत होता. पुण्याच्या लोकांना तुम्ही सांगितलं का नाही?"

"जो माणूस स्वतः हो म्हणतोय, त्याला मी नाही कसं म्हणू?" त्यांचा आवाज चढला, मग उतरला. "मला वाटलं, त्याचंच असेल."

जागृतीला ते मुळीच पटलं नाही. दादानं कुणाला तरी पाठीशी घातलं, हे तिनं मनाशी पक्कं केलं, आणि तो कुणीतरी म्हणजे हेच चष्मा पुसणारे गृहस्थ, हेही. पुण्याच्या सर्व्हरवर तर नीलेशशिवाय कुणाचं नाव सापडणार नव्हतं. पण गिटमध्ये मूळ काम ज्यानं केलं, त्याच्या लॅपटॉपवर ते त्याच्याच नावानं असतं. दोन दिवस तिनं ऑफिसातले सगळे लॅपटॉप पालथे घातले. कुणी नवा घेतलेला, कुणी जुना पुसून टाकलेला; ब्रिज हलवला तेव्हा तिच्यासकट सगळ्यांनी नव्या प्रती घेतल्या होत्या आणि त्यांत त्याआधीचा इतिहासच नव्हता. मनोजसरांचाही तिनं त्यांच्या समोरच धुंडाळला. त्यांनी मुकाट्यानं पासवर्ड दिला. काही निघालं नाही.

लॅपटॉप बंद करताना ते म्हणाले, "नीलेशचा कुठाय? पहिला ब्रिज तोच होता. तेव्हा आमचं सगळं मूळ काम त्याच्याकडूनच जायचं. मिळालं तर तिथेच मिळेल."

नीलेशचा लॅपटॉप कडावला घरीच होता. आईच्या, जयवंताबाईंच्या कपाटात, तिच्या नव्या लुगड्यांखाली, उशीच्या अभ्र्यात घातलेला. त्याला कुणी हात लावायचा नाही. आई स्वतः मात्र दर सोमवारी तो बाहेर काढायची, खिडकीत ठेवून चार्जिंगला लावायची आणि हिरवा ठिपका दिसला की परत अभ्र्यात घालायची. का, ते तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदाच ती आपणहून म्हणाली होती, "त्यो बंद पडू द्यायचा नाय."

जागृती दुपारीच घरी आली. आई मागल्या दारी भांडी घासत होती. जागृतीनं अभ्रा काढला, लॅपटॉप मांडीवर घेतला, उघडला. आतला पंखा घरघरला. तो आवाज या घरात वर्षभर झाला नव्हता. भांडी तशीच टाकून आई ओल्या हातांनी धावत आली आणि उंबऱ्यात थबकली. खाटेवर कोण बसलंय ते तिनं पाहिलं. तिच्या तोंडावर जे आलं आणि लगेच गेलं, ते जागृतीला सोसवेना.

"तू व्हय," आई म्हणाली. "मला वाटलं..."

मग ती उंबऱ्यातच बसून राहिली, पंख्याचा आवाज ऐकत.

पासवर्ड जागृतीला ठाऊक होता. दादा तिच्यापासून काही लपवायचा नाही, अशी तिची समजूत होती. तिनं तारीख धरून शोधलं. दहा सेकंदांचा बदल सापडायला वेळ लागला नाही. तो तिथे मूळ रूपात होता, पुण्याला जाण्यापूर्वीचा, ज्याचा होता त्याच्या नावानं.

जागृती.

तिनं पुन्हा वाचलं. नावाखाली तिनं स्वतः लिहिलेलं वाक्य होतं. "कॅन्टीन: फोडणीनं अलार्म वाजतो, दहा सेकंद थांबून वाजवा."

सोनाबाई! साजगावच्या एका कारखान्यातल्या कॅन्टीनच्या सोनाबाई. त्यांनी मिरचीची फोडणी दिली की गॅसचा अलार्म बोंबलायचा आणि माणसं ताटं टाकून बाहेर पळायची. जागृतीला कामाला लागून पुरता महिना झाला नव्हता. तिच्यावर सोपवलेलं ते पहिलं काम. तिनं ते अर्ध्या दिवसात केलं आणि घरी येऊन फुशारकीनं सांगितलं, तेव्हा दादा पोट धरधरून हसला होता. पण तेव्हा तिला एक गोष्ट माहीत नव्हती. कॅन्टीनसाठी वेगळी फाइल होती आणि सगळ्या कारखान्यांना मिळून एक सामाईक फाइल होती. तिनं आकडा घातला सामाईक फाइलमध्ये. सोनाबाईंची फोडणी निवांत झाली, आणि त्या दिवसापासून मोहोपाड्याचा लाल दिवाही दहा सेकंद थांबायला शिकला.

त्या ओळीला एक टॅग लावलेला होता. टॅग म्हणजे एखाद्या बदलावर डकवलेली खूण, सोबत हवं तर दोन शब्द. ब्रिजवरून टॅग पुण्याला जात नसत. ज्याचा टॅग त्याच्यापाशीच राहायचा. तारीख चौकशीच्या आदल्या दिवसाची होती.

"जागूचं आहे. माझ्या नावावर गेलंय. राहू दे."

तिला तो आदला दिवस आठवला. जेवताना दादानं सहज विचारलं होतं, "जागू, सोनाबाईंची फोडणी कशी काय?" आणि ती भाताचा घास घेत म्हणाली होती, "एकदम झकास! आता अलार्म गप्प." दादानं मान हलवली. तिच्या ताटात आपल्यातला माशाचा तुकडा टाकला. ती त्यालाच म्हणाली होती, आज एवढा लाड कसला?

"काय गं, काय झालं?" आई म्हणाली.  पंखा घरघरत होता, आणि आता त्या आवाजाचं तिला भय वाटू लागलं.

शुक्रवारी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली. कोपऱ्यातला तो जुना कॉम्प्युटर चालू होता, वर्षभर होता तसाच. त्या सर्व्हरवर मालकाला जुन्या ओळीवरचं नाव बदलता येतं आणि बदलल्याची खूणसुद्धा मागे उरत नाही. मालकीण आज ती होती. तिच्या मनात नको ते येऊन गेलं नाही असं मी म्हणणार नाही. मनोजसरांचं नाव टाकता आलं असतं. कुणाचंच न टाकता जागा रिकामी सोडता आली असती. आणि काहीच न करता संध्याकाळी कुलूप लावणं तर सगळ्यात सोपं होतं. ज्याचं नाव होतं, त्यानंच राहू दे म्हटलं होतं.

तिनं नीलेशचं नाव काढलं आणि आपलं घातलं. मग पुण्याला लिहून कळवलं, मूळ बदल जोडून, काय चुकलं ते सगळं. मनोजसर येताच त्यांना दाखवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "अगं, गेलेल्याला काय फरक पडतो आता? तुझी नोकरी जाईल. पुढंही कुणी उभं करणार नाही." मग हळू आवाजात, "त्याला तरी हे आवडलं असतं का?"

"बाबा रोज संध्याकाळी गजाकाकांना देवळात नेतात, सर," जागृती म्हणाली. 

सांगितलेलं काम तिनं पुरं केलं. ब्रिज थांबवला. नीलेशचं लॉगिन बंद केलं. कोपऱ्यातला कॉम्प्युटर विझला तशी ती मोठ्यानं रडली आणि कुणी तिला अडवलं नाही. आता कुणीही काहीही केलं तरी दादाचं नाव उमटणार नव्हतं.

ती कडावला पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. कोंडाजी ओट्यावर बसून पायात चपला घालत होते. तिनं त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. ब्रिज, लॉगिन असले शब्द त्यांना कळणारे नव्हते. तिनं एवढंच सांगितलं, की बाबा, ते मी केलं होतं, दादानं नाही, आणि दादाला ठाऊक होतं. कोंडाजी ऐकत राहिले. आत आई ऐकत होती.  मग म्हाताऱ्यानं वाकून एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही भिंतीला लावून ठेवल्या.

"जा," ते म्हणाले. "त्यो वाट बगत आसंल."

गजा दारातच उभा होता. पावलं ऐकून त्यानं सवयीनं हात पुढं केला. जागृती त्याखाली जाऊन उभी राहिली. हात खांद्यावर पडला आणि चरकला.

"कोन हाय?"

"मी जागृती, काका. नीलेशची भैन."

"कोंडाजीला बरं नाय का?"

"बरं हाय. आजपासून मीच येनार." ती चालू लागली आणि तोही मागोमाग निघाला. देवळाचा रस्ता अर्धा सरेपर्यंत तिला धीर झाला नाही. मग तिनं थांबून सांगितलं. आडपडदा न ठेवता, जसं बाबांना सांगितलं तसं.

गजाचा हात खांद्यावरून उचलला गेला. तो रस्त्यात तसाच उभा राहिला, तोंड भलतीकडे करून. तिला वाटलं आता ओरडेल. त्यानं ओरडावं असंच तिला वाटत होतं.

"माज्या दारात आला हुता त्यो," गजा म्हणाला. "त्वांडाला यील ते बोललो म्या. हूं की चूं नाय केलं त्यानं. येकदा तरी म्हनायचं हुतं, काका, म्या नाय म्हनून." त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं. "मंग माजं बोलनं त्याला कसं लागलं गं?"

"माझं सगळं त्याच्याच नावावर जायचं, काका."

 कुणाच्या तरी म्हशी बाजूनं निघून गेल्या.

"तुला काय बोलू मी आता?" गजा शेवटी म्हणाला. "बोलाया बी भ्या वाटतं मला. रातीला त्यो येऊन हुबा ऱ्हातो माज्या दारात. मला दिसत नाय, पन कळतं." त्यानं चाचपडत हात पुढं केला. तो जागृतीच्या खांद्यावर पडला, आणि या वेळी पहिल्यापेक्षा जड पडला. "चल. येळ झालाय. फुडं नीट बग."

"दगड हाय, काका," जागृती लगेच म्हणाली. "डावीकडनं या."